सत्तेचाळीस वजा एक्केचाळीस

दाराच्या काचेवर चिकटवलेला कागद
बाहेरच्यांनी वाचायचा असतो.
मी मात्र तीस दिवस तो आतून वाचला,
उलटा, धुक्यातून गाळून आलेल्या उजेडात,
आणि सुलट वाचणाऱ्यांच्या आधी मला तो पाठ झाला:
प्रकार सत्तेचाळीस जाणार,
प्रकार एक्केचाळीस येणार.
म्हणजे बिअर राहील, वाईन राहील,
जेवण तर राहीलच.
व्हिस्की, रम, जिन, ब्रँडी यांनी
आपापला मुक्काम हलवायचा.

गस्टीनमध्ये बातमीला कागद लागत नाही.
बदामाच्या बागेतून ट्रॅक्टर परत येईतो
ती गोठ्यांपर्यंत पोचलेली असते.
"देओलिंदा बुडाली," एक म्हणाला.
"देओलिंदाला देव आठवला," दुसरा.
देओलिंदा गल्ल्यापाशी बसून
भिंगातून हॉटेलवाल्यांचा करार वाचत होती.

हा परवाना तिच्या नवऱ्याने, ॲव्हेलिनोने,
बेचाळीस गाई विकून घेतलेला.
त्या गाईंची नावं तिला अजून येतात.
असे परवाने आमच्या भागात मोजकेच,
नव्यासाठी चिठ्ठ्या टाकतात,
म्हणून जुन्याला भाव.
लोस बान्योसच्या हॉटेलने जो आकडा दिला
त्यात स्वयंपाकघराचं धुराडं बसत होतं,
गळकं छप्पर बसत होतं,
आणि मासळीवाल्याची दोन वर्षांची उधारी.
"तो असता तर विकला नसता," मी म्हणालो.
"तो असता," ती भिंग न हलवता म्हणाली,
"तर छपरावर चढला असता."

शेवटच्या रात्री बाटल्या मोजल्या.
अर्ध्या, पाव, बुडाशी बोटभर उरलेल्या,
एक तर कुणी कधी मागितलीच नव्हती,
निळी, गुलाबाच्या वासाची.
एकोणीस वर्षं ह्यांचे गळे धरून
मी माझं पोट भरलं.
खोक्यात ठेवताना त्या एकमेकींना लागत होत्या
आणि मी प्रत्येकीच्या मध्ये जुनं वर्तमानपत्र घालत होतो,
लांबच्या प्रवासाला निघालेल्या मुलीच्या पेटीत
आपण काहीबाही कोंबतो तसं.
फळ्या रिकाम्या झाल्या तेव्हा
मागच्या आरशात मी पहिल्यांदा अख्खा दिसलो.
इतका नको होतो.

सत्तेचाळीसातून एक्केचाळीस गेले, उरले सहा.
हे नुसते क्रमांक, वजाबाकी करू नये, हे मलाही कळतं.
पण आमच्या बारला उंच स्टुलं सहाच आहेत.
सोमवारी पाच रिकामी होती.

सहाव्यावर झेफेरिनो.
संध्याकाळचं दूध काढून आलेला,
हातांना आयोडीनचा वास, टोपी गुडघ्यावर.
त्याने नेहमीसारखं एक बोट वर केलं.
ते बोट म्हणजे छोटी ब्रँडी,
दुसरं बोट त्याने बायकोच्या दफनादिवशी केलं होतं, तेवढंच.
मी फडकं पिळत उभा राहिलो.
"कागद वाचला नाहीस?"
"वाचला ना," तो म्हणाला,
"मला वाटलं, तो इतरांसाठी आहे."

बोट अजून वरच.
देओलिंदा आतून आली, पदार्थांच्या वाफेत भिजलेली,
आणि पोर्टची बाटली माझ्यापुढे ठेवली.
कायद्याच्या लेखी पोर्ट ही वाईनच.
आता ती करतात कशी, हे कायद्याने विचारू नये:
द्राक्षरस आंबत असतो, भरात आलेला असतो,
तेव्हाच त्यात ब्रँडी ओतून
त्याला म्हणतात, बस, इथंच थांब,
एवढा गोडवा राहू दे.

झेफेरिनोने पेला नाकाशी धरला.
बराच वेळ धरला.
मग माझ्याकडे पाहिलं, लपाछपीत
दाराआडचे पाय दिसलेल्या पोरासारखं.
"वाईन आहे," देओलिंदा म्हणाली. "लेबल वाच."
"चष्मा नाही," तो म्हणाला, आणि प्यायला.

मग सवयीने नाणी काढली,
ब्रँडीची मोजून ठेवलेली,
आणि मध्येच थबकला.
"हिचे किती?"
मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.
नवं दरपत्रक अजून छापून आलेलं नव्हतं.